चढ

नंजनगूडला आमचे बिऱ्हाड कपिलेच्या काठी होते. तेथून म्हैसूर सुमारे तेवीस किलोमीटर. वाटेत उजव्या हाताला चामुंडीची टेकडी दिसू लागे. आमच्या गावचा नंजुंडेश्वर त्या डोंगरावरच्या चामुंडीवर लुब्ध झाला, अशी तिकडच्या लोकगीतांतली कथा. वडील ती सांगत आणि हसून म्हणत, "देवालाही चढ चुकला नाही."

वर्षातून एकदा ते मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून देवीला नेत. जुन्या काळी भाविक चढत ती हजारभर पायऱ्यांची वाट म्हैसूरच्या बाजूची. आम्ही उत्तनहळ्ळीकडून सडकेने जात असू. रस्ता उभा झाला की वडील उतरत आणि सायकल हाताने ढकलू लागत. शेजारून तरुण मुले पायडलवर उभी राहून, नागमोडी वळणे घेत पुढे निघून जात. मला वडिलांची लाज वाटे.

बाविसाव्या वर्षी मी तो चढ एकदाही न उतरता पार केला आणि घरी येऊन फुशारकी मारली. वडिलांनी शांतपणे विचारले, "वाटेत काय पाहिलेस?" मला पुढच्या चाकाखेरीज काही आठवेना.

इंग्लंडातील केंट परगण्यात अशाच आखूड, उभ्या चढावर कॅटफर्ड सायकलिंग क्लबची शर्यत होते. ती १८८७ साली सुरू झाली. अशा शर्यतींत उतरणारे काही जण हँडलवरची फीतसुद्धा काढून टाकतात, असे मी पुढे कधीतरी वाचले. सपाटीवर झुंज वाऱ्याशी असते. चढावर ती वजनाशी. बहुतेक सारी शक्ती ओझे वर उचलण्यातच खर्च होते.

वडील कापडगिरणीत कामाला होते. कापसाच्या धुळीने त्यांची छाती कधीपासून भरत आली होती, हे आम्हाला त्यांच्या अखेरच्या आजारात डॉक्टरांनी सांगितले.

गेल्या वर्षी, साठी ओलांडल्यावर, त्याच चढावर मी सायकलवरून उतरलो. धाप लागली होती. रिकामी सायकल ढकलताना सहज मागे पाहिले आणि आठवले: वडील उतरत, पण मला कधी उतरवत नसत. त्यांची लाज वाटत असे तेव्हाही मी कॅरिअरवर बसूनच होतो.