पायाखालची पाटी

साहेब यायचे असले की शाळेत सगळ्यात आधी तिला पुसून घेतात. एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. फळ्याचा थाट वेगळा, त्याच्यावर रोज वार, तारीख आणि सुविचार. घंटेचा रुबाब तर विचारूच नका. हिच्या वाट्याला खडूचा चुरा, पेन्सिलीची टरफलं, खिचडीची शितं आणि पावसाळ्यात चिखलाचे पाय. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली वर्गाची फरशी. खाली बसलेल्या पहिलीच्या पोराचं नाक तिच्यापासून दीड हातावर असतं. बाईंचं बरंच वर. त्यामुळे तिची खरी ओळख पोरांशीच.

मूळची ती माती. आमच्या वेळी तिला शेणानं सारवायचे. पोरांनी पाण्याच्या बादल्या आणायच्या, पोरींनी सारवायचं. ही वाटणी कुठल्या पुस्तकात नव्हती, तरी सगळ्यांची पाठ होती. ओल्या सारवणावर बस्करपट्टी टाकली की चड्डीला हिरवट शिक्का बसायचा आणि घरी गेल्यावर तो कुणाला सांगावा लागायचा नाही.

सातारा-सांगलीच्या या मुलखात शाळेला इमारत नसली तरी चालायचं, जमीन तेवढी लागायची. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे जिथं शाळाच नव्हती अशा गावांत संस्थेनं शेकड्यांनी व्हॉलंटरी शाळा उघडल्या. देऊळ, चावडी, कुणाची पडवी, जे मिळेल ते. भाऊरावांचं घराणं ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. पण तेव्हा सातारा-सांगली असा भेद कुठं होता? 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 साली. जमीन एकच, पाट्या बदलल्या.

तिच्या पोटात एक गोष्ट मात्र खुपत असणार. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. लहानपणी शाळेत आपल्याला कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, बसायचं तरट घरून आणावं लागे आणि ते शाळा झाडणारा नोकरही शिवत नसल्यानं संध्याकाळी परत न्यावं लागे, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. फरशीला जात कळत नाही. तिच्यावर तरट अंथरायला लावणाऱ्यांना कळत होती.

मातीची शहाबादी झाली तेव्हा ती जरा सावरली. जावळी-पाटणकडं पावसाळाभर तिला घाम फुटलेला, दप्तर खाली ठेवलं की वह्यांचे कोपरे ओले. तिकडं माण, जत, आटपाडीत उन्हाळ्यात पोरं पोटरीचा गारवा सोडायला तयार नसायची. पण काम तेच, मुकाट्यानं वजन झेलायचं.

तिला तोंड फुटलं ते कुमठे बीटमध्ये. बीट म्हणजे शिक्षण खात्याच्या भाषेत काही केंद्रांचा, म्हणजे त्यांच्या शाळांचा गट, त्याच्यावर एक विस्तार अधिकारी. साताऱ्याजवळच्या या बीटच्या विस्तार अधिकारी होत्या प्रतिभा भराडे. त्यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद हा जडजंबाल शब्द उचलून सरळ जमिनीवर आणला. मूल स्वतः हाताळून, करून बघून शिकतं, तर मग त्याचं शिकायचं सामान त्याच्या हाताशी हवं. फळे भिंतीवरून खाली उतरले, पोराच्या खांद्याच्या उंचीला आले. त्यांना तळफळे म्हणतात. आणि फरशीवर ऑइल पेंटनं आकड्यांच्या चौकटी, अक्षरं, गोल, संख्यारेषा उमटल्या. चिंचोके, मण्यांची माळ, दहा-दहाचे गठ्ठे, बाटल्यांची बुचं असं सगळं तिच्या अंगाखांद्यावर आलं. खुर्चीला काम उरलं नाही, बाई खाली बसल्या. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला यायला लागल्या. 22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्याच्या मागेपुढे तर या वाऱ्या फारच वाढल्या.

मग व्हायचं ते झालं. काहींनी कुमठ्याहून पद्धत आणली, काहींनी नुसते रंगाचे डबे. फरशी रंगली, फोटो निघाले, अहवाल गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकटींवर हाताची घडी घातलेली पोरं बसवून बे एके बे सुरू. अशा वर्गातली फरशी लग्नात नटवून कोपऱ्यात बसवलेल्या आजीसारखी दिसते.

खरी चालती फरशी ओळखायची एक खूण आहे. तिचा रंग सगळीकडून सारखा उडालेला नसतो. मी पाहिलेल्या एका दुशिक्षकी शाळेत 1 ते 100च्या चौकटीत वरच्या ओळी जवळजवळ गेल्या होत्या आणि नव्वदीच्या पुढचे आकडे नव्या नवरीसारखे. संख्यारेषेवर एक चिमुरडी 8 वर उभी होती. आठातून तीन वजा करायचे होते. ती थांबली आणि म्हणाली, “बाई, म्हागं जायाचं म्हंजी त्वांड फिरवायचं का उलटं चालायचं?”

पंचवीस वर्षं वजाबाकी शिकवत आलेल्या बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “चालून बघ की दोन्ही.”

ती उलटी तीन पावलं गेली, 5 वर आली. पुन्हा 8 वर जाऊन तोंड फिरवून तीन पावलं गेली, पुन्हा 5. मग स्वतःशीच हसली आणि पुढच्याला जागा दिली. उत्तर बाईंनी सांगितलं नव्हतं. ते तळपायाला लागलं होतं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-वारणेचं पाणी शिराळा, वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत घुसलं, तेव्हा उंचावरच्या शाळांतल्या फरश्यांनी माणसं, भांडीकुंडी, पोती, सगळं पोटाशी घेतलं. नदीकाठच्या शाळांत मात्र पाण्यानं वर्गच व्यापले. पाणी ओसरल्यावर एका शाळेत फावड्यानं गाळ ओढताना मी होतो. पेटीतल्या गोष्टींच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. गाळाखालून आधी एक पिवळा 4 वर आला, मग 14, मग 24. त्यांना काही झालं नव्हतं.

आता तिचे दिवस फिरतायत. गावोगावी लोकवर्गणीतून, निधीतून शाळा सुधारतात आणि सुधारणा म्हणजे पहिल्यांदा बाकं आणि चकचकीत स्टाइल फरशी. बाकं येऊ नयेत असं कोण म्हणेल? मांडी घालून पाठ धरलेल्या पोरांना विचारा. पण पहिली-दुसरीच्या वर्गात तरी निम्मी जागा मोकळी ठेवावी, एवढं माझं मत आहे. गुळगुळीत स्टाइलवर ऑइल पेंट धरत नाही, चिकटपट्टीचे आकडे आठवड्यात कडेनं उकलतात आणि पोरं ते नखानं सोलून काढतात. बाकाखाली उरते ती नुसती झाडायची जागा.

शाळेत मतदान केंद्र असलं की तिच्यावरून गावातली सगळी पायताणं जातात. पुढच्या वेळी रांगेत उभे असाल तेव्हा एकदा खाली बघा. तुम्ही बहुतेक कुठल्यातरी आकड्यावर उभे असाल. चप्पल घासू नका, सोमवारी तिथं पोरांचं काम आहे.