तिल्लीचा पाव आणि पालेर्मोचे मास्तर

परदेशी फिरायला निघालेल्या मुसलमान माणसाचा पहिला अभ्यास इतिहासाचा नसतो, तेलाचा असतो. हे कशात तळलंय, एवढं तिथल्या भाषेत विचारता आलं की निम्मा प्रवास सुखाचा. सिसिलीत त्यासाठी एक शब्द पाठ करावा लागतो, ‘स्त्रुत्तो’. म्हणजे डुकराची चरबी. इटलीला जाताय ना, मग पिझ्झा-पास्ता आहेच, काय अडचण, असं सगळे म्हणाले होते. पण ही चरबी पावात असते, गोड बनपावात असते. रिकोटा चीज भरलेल्या ‘कान्नोली’ नावाच्या प्रसिद्ध नळीच्या कुरकुरीत कवचातही परंपरेने असते, वर त्या पिठात मार्साला नावाची दारूही पडते. आणि ज्या गावावरून त्या दारूला नाव पडलं, त्या मार्साला गावाच्या नावात अरबी ‘मर्सा’ आहे, म्हणजे बंदर. सिसिलीत असंच आहे. नाव आपलं, आणि आतला माल आपल्याला न चालणारा.

माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनिअर आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याचं जहाज दुरुस्तीसाठी पालेर्मोच्या गोदीत लागलं होतं. ‘आपा, दुल्हाभाईंना घेऊन ये, चार दिवस माझ्याकडे आहेत,’ असा त्याचा फोन आला. रोम नाही, व्हेनिस नाही, पालेर्मो. आमच्या शाळेतल्या बायकांना ते नाव फक्त माफियाच्या सिनेमांमुळे माहीत होतं.

पहिल्याच संध्याकाळी एका गाडीपाशी थांबलो. मोठ्या कढईत काळपट पातळ तुकडे परतत होते आणि तो वास थेट आमच्या घरच्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवसाचा. तिल्ली आणि फुप्फुस. उकडून, काप करून, परतून, तीळ लावलेल्या गोल पावात भरून, वर लिंबू. ह्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. मी कढईतल्या पांढऱ्या गोळ्याकडे बोट करून विचारलं, ‘स्त्रुत्तो?’ गाडीवाला अभिमानाने म्हणाला, ‘चेर्तो!’ अर्थातच. झालं.

भावाने मग या पावाची गोष्ट सांगितली, तिथे सगळेच सांगतात ती. पालेर्मोतले खाटीक ज्यू होते. जनावर हलाल करण्याचं, म्हणजे त्यांच्या भाषेत कोशर करण्याचं, काम धर्माचं, म्हणून त्याची मजुरी पैशात घ्यायची नाही. त्याऐवजी त्यांना आतडी, तिल्ली, फुप्फुस मिळायचं. तेच शिजवून पावात घालून ते विकू लागले. 1492 मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या ताब्यातल्या ज्यूंना देशोधडीला लावलं. सिसिली तेव्हा त्याच राजाकडे होती, त्यामुळे हेही लोक गेले. पाव राहिला. आणि आता तो डुकराच्या चरबीत परततात, वर हवं असेल तर चीज किसून घालतात. मांस आणि दूध एकत्र न करणाऱ्या लोकांचा पाव! ज्याने तो शोधला त्याच्या नातवंडांना तो खाता येऊ नये, याला काय म्हणायचं? मी बराच वेळ त्या कढईकडे बघत होते. गाडीवाल्याला वाटलं, बाईंना भूक लागलीये.

आमची भूक भागली ती पानेल्लेवर. बेसन पाण्यात घोटून शिजवायचं, त्यात कोथिंबिरीसारखा एक पाला घालायचा, थापून गार करायचं, काप करून तेलात तळायचे. म्हणजे पाटवडी तळावी तशीच गोष्ट. तीही पावात घालून, लिंबू पिळून. सिसिलीत हा पदार्थ अरबांचा म्हणूनच ओळखतात. चार दिवसांत आम्ही तो किती वेळा खाल्ला ते मोजलं नाही. ह्यांना प्रत्येक वेळी बरोबर कच्चा कांदा हवा. आणि कांद्यावरून मला पालेर्मोचा एक जुना पाहुणा आठवायचा.

इब्न हौकल हा बगदादकडचा भूगोलकार 973 च्या सुमारास पालेर्मोत आला होता. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांनी 827 मध्ये मझारा इथे बेटावर पाय ठेवला, त्या फौजेचा प्रमुख कैरवानचा काझी असद इब्न अल-फुरात होता. 831 मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं. हौकल आला तेव्हा शहर ऐन भरात होतं. शेकडो मशिदी पाहून तो चकित झाला, पण कौतुक करायला थांबला नाही. बाण मारावा एवढ्या अंतरात दहा मशिदी, कारण प्रत्येकाला स्वतःच्या नावाची मशीद हवी. बापाच्या मशिदीपासून चार पावलांवर मुलाची वेगळी. (आपल्या मोहल्ल्यांत फिरलेल्याला यात काही नवीन वाटणार नाही.) मग तो वळला शाळामास्तरांकडे. शहरात तीनशेच्या आसपास मास्तर, आणि त्याच्या मते सगळे बिनडोक. मास्तरकी केली की लढाईवर जावं लागत नाही, म्हणून लोक मास्तर होतात, असं त्याने लिहिलंय. आणि गावाची अक्कल मंद का, तर हे लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात!

वीस वर्षं शिकवणारी मी हे वाचून चिडायला हवं होतं. पण हजार वर्षांपूर्वीही इन्स्पेक्शनला आलेला साहेब असाच बोलायचा, हे कळून उलट बरं वाटलं.

याच हौकलच्या पुस्तकात, ‘सूरत अल-अर्द’मध्ये, आपलं कोकण आहे. बल्हरा राजाच्या मुलखात सैमूर नावाचं बंदर आहे, तिथे मुसलमान राहतात, जुम्माच्या मशिदी आहेत आणि राजाने त्यांचा कारभार बघायला त्यांच्यातलाच माणूस नेमला आहे, असं तो नोंदवतो. सैमूर म्हणजे अलिबागजवळचं चौल, असं अभ्यासक मानतात. बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट, वेरूळचं कैलास लेणं कोरवणारे. त्याच्याही आधी, 304 हिजरीत, इसवी सन 916 च्या सुमारास, मसूदी सैमूरला येऊन गेला आणि तिथे 10 हजारांच्या आसपास मुसलमान असल्याचं लिहून गेला. पेपर तपासणीला गेले की दरवर्षी कुणीतरी प्रेमाने विचारतं, ‘मॅडम, तुमचं मराठी इतकं छान कसं?’ तेव्हा हे सगळं सांगावंसं वाटतं. सांगत नाही. चहा गार होतो.

पालेर्मोचा सगळ्यात गजबजलेला बाजार बल्लारो. त्याचं नाव मोंरेआलेजवळच्या बल्हारा नावाच्या खेड्यावरून पडलं, तिथले व्यापारी इथे माल आणायचे, असं बहुतेक जण मानतात. काही जण मात्र ते नाव दख्खनच्या त्या बल्हराशी जोडतात, कारण मसाले तिकडून यायचे. मला दुसरं आवडतं, पण आवड हा पुरावा नाही, हे मी वर्गातही सांगते.

नॉर्मन आले 1072 मध्ये. आजच्या पर्यटकांना जे दाखवतात ते मुख्यतः त्यांच्या काळातलं आहे. दुसऱ्या रॉजरच्या राजवाड्यातली चॅपेल पाहिली. भिंतींवर सोनेरी मोझेकचे येशू आणि संत, आणि वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं लाकडी छत, मशिदीच्या मेहराबीत असतं तसं काम, त्यावर कूफी अक्षरं. मान दुखेपर्यंत वर पाहिलं. बाहेर पाण्याच्या घड्याळाचा 1142 चा लेख, लॅटिन, ग्रीक आणि अरबी. याच राजासाठी अल-इद्रीसीने 1154 मध्ये जगाचा भूगोल लिहून पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ बनते आणि जहाजं भरभरून मुसलमानी आणि ख्रिस्ती मुलखांत जाते, अशी नोंद आहे. इत्रिया म्हणजे सुकवलेल्या शेवया. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला, अशी गोष्ट अजून पुष्कळ जण सांगतात. त्याचा जन्म 1254 चा.

कॅथेड्रलच्या दक्षिण दारातल्या एका खांबावर सूरह आराफमधली आयत कोरलेली आहे, दिवसाला रात्र झाकते त्या वर्णनाची. मी ती बोट न लावता वाचली. मागे एक गाइड आपल्या घोळक्याला सांगत होता की सर्व धर्म इथे किती गुण्यागोविंदाने नांदले. युनेस्कोने 2015 मध्ये ‘अरब-नॉर्मन पालेर्मो’ म्हणून नऊ वास्तूंना जागतिक वारसा ठरवलं, तो फलक तिथे आहे. नऊमध्ये राजवाडे आहेत, चर्च आहेत, एक पूल आहे. मशीद एकही नाही. हौकलने मोजलेल्या शेकडोंपैकी एकही.

गुण्यागोविंदाचं म्हणायचं तर इब्न जुबैरचं ऐकावं. हा हजहून परतताना 1184 च्या डिसेंबरात मेसिनाजवळ जहाज फुटून या बेटावर आला. पालेर्मोत नाताळच्या दिवशी ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखे रंगीत बुरखे घेऊन, मेंदी लावून चर्चला जाताना त्याने पाहिल्या. राजा विल्यम अरबी लिहितो-वाचतो, हेही त्याने कौतुकाने लिहिलं. हा भाग गाइड लोक सांगतात. पुढचा सांगत नाहीत. त्रापानीत एका प्रतिष्ठित मुसलमानाने आपल्या मुलाला जुबैरच्या सोबतच्या हाजींकडे पाठवलं. निरोप असा की माझी मुलगी तुमच्याबरोबर न्या. तुमच्यापैकी कुणी निकाह करा, नाहीतर तुमच्या गावातल्या कुणाशी लावून द्या, पण तिला इथून न्या. मुलगी वयात येत होती. बाप आणि भाऊ सोडून जायला तीही तयार होती, असं त्याने लिहिलंय. मी हे हॉटेलच्या खोलीत मोबाइलवर वाचलं आणि उरलेलं जेवण तसंच राहिलं. मेंदी लावलेल्या ख्रिस्ती बायका आणि हे घर एकाच बेटावर, एकाच हिवाळ्यात होते.

1189 मध्ये विल्यम वारला आणि पालेर्मोत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. उरलेले डोंगरांत गेले. पुढे दुसऱ्या फ्रेडरिकने, ज्याला अरबी येत होतं आणि ज्याच्या दरबारात अरबी विद्वान होते, त्यांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन ठेवलं. 1300 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ती वसाहतही मोडली आणि माणसं गुलाम म्हणून विकली. आवड कशाची होती? छताची होती, शेवयांची होती, नकाशांची होती.

शब्द मात्र कुणाला हाकलता आले नाहीत. सिसिलियन भाषेत बिचाऱ्याला ‘मिस्किनु’ म्हणतात. शवपेटीला ‘तब्बूतु’. बाजारात भाजलेल्या चण्यांना ‘कालीया’, अरबीतल्या भाजण्या-तळण्याच्या शब्दावरून. तिळाच्या चिक्कीला ‘कुब्बाइता’. जुन्या ज्यू वस्तीचं नाव मेस्किता, मस्जिदवरून, आणि तिथल्या गल्ल्यांच्या पाट्या आता इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. एका म्हातारीने मला लोणच्याची काचेची बरणी दाखवून ‘बुर्निया’ म्हटलं, तेव्हा मी तिला मिठी मारायची बाकी ठेवली.

झिझा नावाचा राजवाडा आहे, ‘अल-अझीझ’वरून. आता तिथे इस्लामी कलेचं संग्रहालय आहे. ग्रिझांदुस नावाच्या राजाच्या एका पाद्र्याने आपल्या आईच्या, आन्नाच्या, कबरीसाठी 1149 मध्ये करवलेला दगड तिथे ठेवलाय. त्यावर लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि चौथा मजकूर हिब्रू अक्षरांत लिहिलेला अरबी. प्रत्येकात ज्याची त्याची कालगणना, अरबीत हिजरी. पाद्री ख्रिस्ती, आई ख्रिस्ती. तरी आपल्या गावातल्या प्रत्येकाला आईचं नाव वाचता यावं, असं त्याला वाटलं असणार. मी ‘उम्म’ हा शब्द शोधला, सापडला. युनेस्कोच्या फलकापेक्षा या एका मुलावर माझा जास्त विश्वास बसला.

शेवटच्या दिवशी बल्लारोत एका बांगलादेशी भाजीवाल्याकडे हिरव्या मिरच्या दिसल्या. या भागात त्यांची बरीच दुकानं आहेत. सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत त्याने चौकशी केली, बंबई म्हटल्यावर मिरच्यांचे पैसे घेतले नाहीत. मागे वांग्यांच्या खोक्यावर वही ठेवून त्याचा मुलगा अभ्यास करत होता, आपल्या सहावीच्या वयाचा. मास्तरांना दुसऱ्याच्या वहीत डोकवायची खोड असतेच. इतिहासाचा धडा होता, सनावळ्यांखाली रेघा मारलेल्या: 827, 831, 1072. बापाला या धड्याची काही कल्पना नव्हती. ‘अच्छा, इधर भी थे?’ असं तो मलाच विचारू लागला.

मी मुलाला विचारलं, ‘मग पुढे ते लोक कुठे गेले?’ बापाने भाषांतर केलं. मुलाने पान उलटून पाहिलं, परत मिटलं.

‘तो धडा अजून झाला नाही,’ तो म्हणाला.

ह्यांनी अर्धा किलो कांदे घेतले.