चार वाजता नेपियर पुलावर

जानेवारीच्या सुरुवातीला चेन्नईत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. इथली मॅरेथॉन पहाटे चारला सुटते ती त्याच हिशेबावर. चार तासांत 42.195 किलोमीटर संपवणारा आठला पोचतो, पाच तासवाला नऊला. म्हणजे बऱ्यापैकी पळणाऱ्यालाही शेवटचा दीड तास उन्हात काढावा लागतो, आमच्यासारख्यांना अडीच. सगळा बेत मग या सूर्याला धरून उलटा मोजत यायचा. चारला सुटायचं तर साडेतीनला रांगेत हवं. त्याआधी सामान जमा करायचं. म्हणजे अडीचला घर सोडायचं, दीडला उठायचं, रात्रीचं जेवण साडेसहाला उरकायचं आणि सातला डोळे मिटून पडायचं. शेजारच्या घरात तेव्हा मालिकांची नुकतीच सुरुवात झालेली असते.

सांगलीहून आईचा फोन. "रात्री दीडला उठायचं? मग झोपतेस कशाला?" याला उत्तर नाही.

*

पुण्याच्या थंडीत पळणारे सुरुवातीला हात चोळत, कुडकुडत उभे असतात. जुना स्वेटर अंगावर ठेवतात आणि सुटताना कडेला टाकून देतात. इथं पहाटे तीनला नुसतं उभं राहिलं तरी मानेवरून घाम ओघळतो. तापमान 22-23, ऐकायला गोड. खरी मेख हवेतल्या दमटपणात आहे, पहाटे तो 80 टक्क्यांच्या वर असतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. ऊन नसतानाही इथं नाडी दहा-बारा ठोके वर चालते. बाहेरगावाहून आलेले लोक पहिले पाच किलोमीटर आपल्या नेहमीच्या वेगानं काढतात आणि तिसाव्या किलोमीटरला दुभाजकावर बसलेले दिसतात.

पाण्याचंही तसंच. भीतीपोटी लोक आदल्या दिवसापासून बाटल्या रिचवतात. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं सापडलं. ज्यांनी वाटेत इतकं पाणी प्यायलं की शर्यतीत त्यांचं वजन वाढलं, त्यांना हा धोका सगळ्यांत जास्त. तहान लागेल तसं प्यावं आणि मीठ विसरू नये, एवढंच. ताकात मीठ घालून पिणाऱ्या माणसाला हे शिकवायला बोस्टनपर्यंत जावं लागू नये, पण जावं लागतं खरं.

*

जानेवारीतली शर्यत म्हणजे सरावाचे खरे महिने ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आणि चेन्नईचा खरा पावसाळा तोच. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस पाठ फिरवतो, इथं तो तेव्हा कुठं यायला लागतो. रविवारी पहाटे ईस्ट कोस्ट रोडवर तीस किलोमीटर पळायचं ठरवावं आणि शनिवारी रात्री बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार व्हावा, हे दर वर्षीचं. 2023 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळ आलं. वेळाचेरी, पळ्ळिकरणै भागात पाणी दिवसेंदिवस हटलं नाही. पुढची मॅरेथॉन 6 जानेवारीला होती. त्या महिन्यात कुणी गच्चीवर गोल फिरत पळालं, कुणी इमारतीच्या वाहनतळात. माझे बूट खिडकीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेले असायचे. 'हिंदू'चा कागद पाणी चांगलं शोषतो, हे त्या वर्षीचं संशोधन.

*

आमच्या गटात राव काका आहेत. तंजावरच्या मराठी घराण्यातले, पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर आलेले असं घरात सांगतात. गटातली बाकीची मंडळी त्यांना 'राव सार' म्हणतात, मी काका म्हणते. त्यांचं मराठी मला कानाला जरा जुनं लागतं, माझं त्यांना फार घाईचं लागत असावं. पासष्टीच्या पुढचे आहेत. स्वतः दहा किलोमीटरच पळतात, पण सुरुवातीच्या रेषेपर्यंत माणसं कशी न्यायची याचं त्यांचं शास्त्र पक्कं आहे.

त्यांचा पहिला नियम: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत कुणी शूरपणा करायचा नाही. सराव उतरता ठेवायचा. हेच बहुतेकांना जमत नाही. चार महिने तंगडतोड केलेल्या माणसाला दोन आठवडे कमी पळ म्हटलं की पिंडऱ्यांत नसलेले गोळे जाणवतात, टाच दुखल्यासारखी वाटते, घसा खवखवतो. मग खात्री करून घ्यायला म्हणून कुणीतरी एक सुसाट फेरी मारतं आणि खरंच लंगडायला लागतं. सुरुवातीच्या रेषेवर न दिसणारी माणसं बहुतेक अशी गळतात.

दुसरा नियम: त्या दिवशी नवीन काही नाही. मोजे नाहीत, जेल नाही, सल्ला नाही.

*

जेवण. इथं आदल्या रात्री दहीभात, इडली, पोंगल, जो तो आपापल्या पोटाला विचारून. मी मेतकूट-भात. तूप कमी.

*

बूट, घड्याळं, टोप्या यांवर गटात जी चर्चा चालते ती ऐकून मला बारामतीच्या लता करे आठवतात. साठी उलटलेल्या, नऊवारी नेसलेल्या, पायांत काही नाही. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. 2020 मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं. त्यांचं अंतर तीन किलोमीटर होतं, हे सांगून कुणी नाक मुरडलं की मी विषय बदलते.

आणि बॉबी गिब. 1966 साली तिनं बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागितला, तर आयोजकांनी कळवलं की बायकांच्या शरीराला एवढं अंतर झेपणारं नाही. ती कॅलिफोर्नियाहून तीन-चार दिवस बसनं प्रवास करून बोस्टनला आली. अंगात भावाची चड्डी, वर टोपीचा सदरा. सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत लपून बसली आणि अर्धेअधिक पुरुष पुढं गेल्यावर बाहेर येऊन गर्दीत मिसळली. 3 तास 21 मिनिटांत संपवली, निम्म्याहून जास्त पुरुषांच्या आधी. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं.

आम्हाला आता झुडपात लपावं लागत नाही. फक्त रात्री अडीचला एकटीनं रिक्षा शोधावी लागते.

*

ॲपवरची गाडी शर्यतीच्या रात्री भरवशाची नाही. चालकाला नकाशावर समुद्राकडचे रस्ते बंद दिसतात आणि तो गुपचूप फेरी रद्द करतो. मी एकदा रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाच विचारलं. त्यानं अर्धी चड्डी, छातीवरचा कागद, हातातलं केळं असं सगळं नीट न्याहाळून घेतलं. "इंद नेरत्तुला?" या वेळी? मॅरेथॉन म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न: बक्षीस किती? काही नाही, उलट मीच पैसे भरलेत. यावर त्यानं भाडं पन्नास रुपयांनी वाढवलं. वेड्याकडून जास्त घ्यावेत, हा बाजाराचा नियम जुनाच आहे.

अलीकडे सोय झाली आहे. एरवी पाचला सुरू होणारी मेट्रो शर्यतीच्या दिवशी तीनपासून धावते, बिबवरचा, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरचा, क्यूआर कोड दाखवून आत जायचं. मुंबईतही मॅरेथॉनच्या पहाटे कल्याण-विरारकडून खास लोकल सुटतात. शहरानं मॅरेथॉन मनावर घेतली की नाही हे मी पदकांवरून नाही, त्या पहाटेच्या पहिल्या गाडीवरून ठरवते. डब्यात सगळे पळणारे. कुणी बोलत नाही, व्हॅसलीनची डबी मात्र अनोळखी हातांतून फिरते. काखेत, मांडीला, बोटांच्या बेचक्यांत. ज्यानं एकदा हयगय केली आहे तो दुसऱ्यांदा लाजत नाही.

गव्हर्न्मेंट इस्टेट स्थानकावर उतरायचं. वालाजा रोडनं चेपॉक स्टेडियमला वळसा घालून समुद्राकडे, मग डावीकडे नेपियर पुलापर्यंत, जिथून शर्यत सुटते. दीड-दोन किलोमीटर. पाय मोकळे व्हायला तेवढे पुरतात.

सेंट्रल स्थानकाकडून चालत येणाऱ्यांना वाटेत थॉमस मन्रोचा पुतळा लागतो. घोड्यावर बसलेला, पण खोगीर नाही, रिकीब नाही. मद्रासचा गव्हर्नर म्हणून तो इथं उभा आहे. त्याआधी 1818 मध्ये पेशवाईच्या शेवटच्या लढायांत सोलापूर घेणारा तोच. सोलापूरचा एक मुलगा आमच्याबरोबर पळतो, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, चिडून वेग वाढला तर बघतो."

*

मार्गळी महिना. डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलच्या सणापर्यंतचा. देवळांतून पहाटे तिरुप्पावैची पदं लागतात, आणि मैलापूर-तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांत बायका दार झाडून, पाणी शिंपडून कोलम काढायला बसतात. तांदळाच्या पिठाचे ठिपके आधी, मग त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ. चेन्नईत पहाटे चार ही वेळ विचित्र वाटत नाही त्याचं कारण हेच. शहरातली बरीच माणसं या महिन्यात तशीही जागी असतात. एकदा एका आजींनी पीठ सोडता सोडताच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं कडेनं जा अशी खूण केली. ठिपके ओले होते.

*

पळणाऱ्यांत राजकारणीही. तमिळनाडूत 2021 मध्ये आरोग्यमंत्री झालेले मा. सुब्रमणियन हे आधी चेन्नईचे महापौर. 2004 च्या अपघातात त्यांच्या पायाला जबर मार बसला, आता पळणं विसरा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यानंतर शंभराहून जास्त अर्धमॅरेथॉन पळाले, पळण्यावर तमिळमध्ये पुस्तकही लिहिलं. राजकारण्याचं पळणं म्हणजे फोटोपुरतं, हा माझा पूर्वग्रह इथं लागू पडत नाही. राव काकांना ते पसंत, पण मंत्री आले की पोलीस वाढतात आणि सामान ठेवायची वाट लांब होते, ही त्यांची तक्रार कायम.

*

नेपियर पूल. मूळ 1869 चा, कूवम नदी समुद्राला मिळते तिथला. धनुष्यासारख्या पांढऱ्या कमानी एकापुढे एक. 2022 मध्ये मामल्लपुरमला बुद्धिबळ ऑलिम्पियाड झालं तेव्हा अख्खा पूल काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगवला होता. फोटो फार सुंदर येतात. फोटोत कूवमचा वास येत नाही. मुखाशी वाळू साचून नदी तुंबते, आणि शहराचं सगळं सांडपाणी तिच्यात. उरलेल्या रात्रीत समुद्राचा वारा सुटला तर ठीक, नाहीतर हजारो माणसं नाक दाबून स्ट्रेचिंग करतात.

पुलाच्या एका अंगाला युद्धस्मारक आणि किल्ला, ज्यात आजही राज्याचं सचिवालय आहे. दुसऱ्या अंगाला मरीनाचा किनारा लागतो आणि लागल्या लागल्या अण्णादुरै, एमजीआर, जयललिता, करुणानिधी. चार मुख्यमंत्र्यांची स्मारकं एका रांगेत. जिवंतपणी जे एकमेकांना पाण्यात पाहत होते तेही शेजारी-शेजारी. पुढं विद्यापीठाचं सिनेट हाऊस, मग देवीप्रसाद रॉय चौधरींचं श्रमिकांचं शिल्प: चार माणसं पाठ वाकवून एक धोंडा हलवताहेत. आयोजक तिथं फलक लावत नाहीत, पण तीसच्या पुढं काय होणार आहे ते त्या शिल्पात सगळं आहे.

*

खरी शर्यत तात्पुरत्या संडासांपुढची. मॅरेथॉनवरच्या लेखांत हिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. रोज सकाळी सहाला मोकळं होणारं पोट पहाटे दोनला कसं मोकळं होणार? कॉफी घ्या, कोमट पाणी घ्या, येरझाऱ्या घाला. घरी होत नाही ते पुलापाशी पोचल्यावर होतं. बायकांची रांग पुरुषांच्या दुप्पट, आणि पुरुषांना नदीकाठचा अंधारही मोकळा. तीन चाळीसला माझ्यापुढं अजून सात जणी होत्या. आतली बाई बाहेर येईना. बाहेरच्यांनी तमिळ, तेलुगू, हिंदीत विनवण्या केल्या. मी मराठीत. शेवटी ती बाहेर आली आणि शुद्ध नागपुरी सुरात म्हणाली, "अरे काय करू, कडीच उघडत नव्हती ना!"

*

बिबच्या मागं एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. रेषेवर रस्त्यावर अंथरलेली चटई असते, तिच्यातल्या अँटेनानं ती पट्टी वाचली की तुमचं घड्याळ सुरू. त्यामुळे इशारा झाल्यावर धक्काबुक्की करायचं काहीच कारण नाही. मागच्या गटातल्या माणसाला रेषा ओलांडायला पाच-सहा मिनिटं लागली तरी त्याच्या वेळेत ती धरत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही धक्काबुक्की होते.

चारला इशारा झाला. पुढचे सुटले, मधले चालू लागले, आम्ही मागचे जागीच. कुणी नाडी बांधत होतं, कुणी घड्याळाला उपग्रह सापडेना म्हणून हात आकाशात धरून उभं. संडासाच्या रांगेतून पाच-सहा जणी एकदम पळत आल्या, त्यांत ती नागपूरची. तिच्या बिबची खालची टाचणी निसटलेली, कागद वाऱ्यावर फडफडत होता. मी कमरेच्या पट्ट्यातली जादा टाचणी काढली आणि आम्ही रेषेकडे चालता चालता ती लावली. "काकू, दाबून लावा," ती म्हणाली. काकू?