अण्णांनी बंद केलेली मालिका

वणी (जि. नाशिक)

ती. अण्णांस,


नातू पाहत असलेली ‘कॅलिफेट’ ही स्वीडिश मालिका अण्णांनी मध्येच बंद करायला लावली आणि ‘असले विष घरात नको’ असे वर पत्रात ठासून लिहिले, हे वाचून वणीच्या घरात सर्वांनाच वाईट वाटले. ज्यांनी शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली मुलांच्या हाती सोपवली, त्या अण्णांना हे शोभले नाही.

ही आठ भागांची मालिका २०२० सालची. तिच्यातली सुले ही शाळकरी मुलगी ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेच्या जाळ्यात सापडते, ती प्रवचने ऐकून नव्हे. शाळेतच मदतनीस असलेला इब्बे आधी तिचे ऐकून घेतो, तिचा राग रास्त ठरवतो आणि मग घरच्यांपासून लपवायचे एकेक गुपित तिच्या पदरी टाकतो. कट्टरीकरण, म्हणजे हिंसा हेच कर्तव्य वाटू लागेपर्यंत माणसाचे पायरीपायरीने बदलत जाणे, असे आपुलकीच्या वाटेने येते.

‘ते तिकडचे, परक्या धर्माचे’ हा अण्णांचा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. मे २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत बगदादला गेले आणि तेथून याच संघटनेकडे वळले. पुण्यातली १६ वर्षांची विद्यार्थिनी इंटरनेटवरून याच वाटेला लागल्याचे २०१५च्या डिसेंबरात उघड झाले. दहशतवादविरोधी पथकाने तिला अटक न करता समुपदेशनाने परत आणण्याचा मार्ग धरला, हे शहाणपणाचेच झाले. आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्याबद्दल १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने ज्या दोघांना जन्मठेप दिली, ते मराठवाड्यातले, हिंदू घरांतले. धर्म कोणताही असो, घरात ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याचे ऐकायला बाहेर कोणीतरी टपलेलेच असते.

१९९२च्या डिसेंबरातली, बाबरी मशीद पाडल्यानंतरची ती रात्र अण्णा कदाचित विसरले असतील, त्यांच्या ओट्यावर बसलेली पोरे विसरलेली नाहीत. वाटेल ते बरळणाऱ्यांनाही अण्णांनी त्या रात्री गप्प केले नव्हते, म्हणूनच पहाटे सगळी मुकाट्याने घरी गेली. तोच धीर नातवाच्या वाट्याला का येऊ नये?

बारावीनंतर तो घरीच बसून आहे, जेवायलाही खोलीबाहेर येत नाही, असे वहिनी सांगतात. मालिका बंद झाली तरी फोन चालूच आहे. मध्यरात्री त्यावर कोण बोलते, हे अण्णांनी त्याला न रागावता एकदा विचारावे आणि उलट टपाली कळवावे.