गोडी वेगळी, साखर वेगळी

अम्मीला मधुमेह आहे. त्यामुळे मुठ्यात आमच्या घरी ईदला तिच्यासाठी शीरखुर्मा वेगळा होतो, साखरेऐवजी सॅकरिनच्या गोळ्या घालून. १८७९ साली अमेरिकेत कोळशाच्या डांबरातल्या पदार्थांवर काम करताना फालबर्ग यांना हे सॅकरिन सापडले. साखरेच्या शेकडो पट गोड, पण मागाहून जिभेवर कडवट. अनेक टूथपेस्टमध्ये ते असते. निकेलच्या मुलाम्याला चकाकी यावी म्हणून कारखानेही ते वापरतात. उकळत्या दुधात त्याची गोडी टिकते, अस्पार्टेमची टिकत नाही.

अम्मी म्हणते, "गोली डाली ना? फिर भर के दे." पाहुणेही तिलाच दुजोरा देतात. पण गोळीने फक्त वरची साखर टळते. शेवया, खारीक, दूध रक्तातली साखर वाढवतातच. म्हणून मी अर्धीच वाटी देतो. मित्रहो, ‘शुगर फ्री’ म्हणून आग्रह करू नका.