भात लागला म्हणून मंडळी सोडायची?

चि. बाळूस मामाचा सलाम.

पत्र पोचलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. मामीने विचारलं, काय लिहितो भाचा? म्हटलं, त्याने अहंकार सोडला. ती म्हणाली, "बरं केलं. पण हे कळवायला एवढा कागद लागला?" बाईमाणूस सरळ बोलतं, मनावर घेऊ नकोस.

तुझ्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. रविवारी तू साक्ष द्यायला उभा राहिलास. साक्ष लांबली. मागे चुलीवर सगळ्यांच्या जेवणाचा भात होता. म्हातारबा उठले आणि भर मंडळीत म्हणाले, "बाळू, आटप आता, भात लागला." पोरं फिदीफिदी हसली. आणि आता तू लिहितोस की तुला राग मुळीच आलेला नाही, कारण तू आपलं मीपण प्रभूच्या पायाशी ठेवलं आहेस. फक्त यापुढे मंडळी जमते त्या घरची पायरी चढणार नाहीस, शाळेतली नोकरी सोडणार, आणि एकटा, खऱ्या मनाने ख्रिस्तामागे जाणार. राग नाही तर आठ पृष्ठं, राग असता तर वही धाडली असतीस!

आणि वर दाखला कोणाचा, तर नारायण वामन टिळकांचा. "टिळकांनीही मिशन सोडलंच ना?" सोडलं. पण कधी, हे लिहायला विसरलास. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मिशनची नोकरी त्यांनी सोडली 1917 साली. मधली बावीस वर्षं माणूस त्याच लोकांत राहिला, राबला, भांडला, कीर्तनं केली, 'ज्ञानोदया'त लिहीत राहिला. सोडला तो पगार आणि साहेबी छत्र. माणसं सोडली नाहीत. उलट साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. म्हणजे त्यांचं वर्तुळ मोठं झालं. तुझं एका माणसावर येऊन थांबलंय, आणि तो माणूस तूच.

टिळकांचं नाव आपल्या भागातल्या माणसाने उगाच घेऊ नये, कारण 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघालेली त्यांची गाडी आपल्या गोंदिया-आमगावकडूनच गेली. त्या प्रवासात एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिलं. पुढे डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले, हे तू मला पाठ म्हणून दाखवशील. पण त्या साहेबाचं नाव सांग. अर्नेस्ट वॉर्ड असं नोंदलेलं सापडतं. मंडळीत विचारून बघ, किती जणांना ठाऊक आहे. देणाऱ्याने दिलं आणि तो आपल्या कामाला लागला. साक्षीत असला एखादा माणूस आला असता तर ती पाच मिनिटांत आटोपली असती. तुझ्या साक्षीत प्रभू कुठे येतो ते मी शोधलं. तिसऱ्या पानावर येतो, तोही तुझं कौतुक करायला.

टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडेच आहे ना? माझी प्रत तूच नेलीस. काढ आणि सुरुवात वाच. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं वाच, बाहेरून आलेली जी ती वस्तू धुवायला लावणारं. तुझी नम्रता तशीच आहे बापा. कोणाचा शिंतोडा उडायला नको. म्हातारबांचा शब्द लागला, विटाळली! असली नम्रता लांजीच्या बाजारात एक दिवस टिकायची नाही. आणि त्या बाई बघ. नवऱ्याचा तापटपणा, स्वतःचा वेडेपणा, फजित्या, सगळं चव्हाट्यावर मांडून हसल्या. ज्याला आपली फजिती सांगता येत नाही त्याने मीपण सोडल्याचं मला कळवू नये. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं होतं, तिच्या तरुणपणी. ती महिनाभर बोलली नव्हती.

म्हातारबांचं तू लिहितोस, "त्यांना अध्यात्म कळत नाही." काहून रे? तू आत पेटीजवळची जागा धरतोस, तेव्हा ते ओट्यावर वाकून सगळ्यांच्या चपला ओळीत लावत असतात. रोवणीच्या दिवसांत चिखलाने लडबडलेल्या, पट्टे तुटलेल्या, पोराटोरांच्यासुद्धा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुत्रं नेते ना एखादी." त्यांनी यावर कधी साक्ष दिली नाही.

पाय धुण्याची गोष्ट आपण सगळे येशूच्या बाजूने वाचतो, की आपणही दुसऱ्यांचे पाय धुवावेत. त्यात थोडी ऐट करता येते. मला तिथला पेत्र जवळचा वाटतो. तो पाय पुढे करायलाच तयार नाही. आपली घाण दुसऱ्याच्या हाती द्यायची, तीही चारचौघांत, हे त्याला झेपत नाही. तुझंही तेच. खोलीत दार लावून मीपण सुटत नाही, तिथे त्याला अडवणारं कोणी नसतं. ते सुटतं तुला लहानपणापासून ओळखणाऱ्या, तुझी किंमत ठाऊक असलेल्या माणसांत. म्हणून तर तिथे जायचं.

आता म्हणशील, मग काय सगळ्यांपुढे मान तुकवायची? तसं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883त इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्या विवेकावर दुसऱ्याचा हुकूम चालू देणार नाही म्हणून तिथल्या भगिनींशी, धर्माधिकाऱ्यांशी भांडल्या. त्याला मी अहंकार म्हणत नाही. त्याच बाई 1896-97च्या दुष्काळात आपल्या मध्यप्रांतात आल्या, उपाशी मुली गोळा केल्या आणि घेऊन गेल्या. भांडण तत्त्वाचं होतं. तुझं भाताचं आहे.

हे जाऊ दे. मला रात्री झोप नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. आठ पृष्ठांत सूनबाईचं नाव एकदाही नाही. नोकरी सोडतोस ते तिला विचारलंस? टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या, आणि पुढची कित्येक वर्षं त्या बाईने कशी काढली ते त्याच पुस्तकात आहे. तो भाग तू सोडून वाचलास वाटतं. सूनबाईचे दिवस भरत आले. मागच्या वेळी पायावर सूज होती, आठवते ना? तुझी आई गुडघ्यांनी बसलेली, सोसायटीचं कर्ज तसंच. खऱ्या मनाने ख्रिस्तामागे जाणाऱ्याने आधी बायकोचा रक्तदाब मोजून आणावा.

राजीनामा दिला असशील तर उद्याच जाऊन परत घे, हेडमास्तरांपुढे हात जोडावे लागले तरी. रविवारी मंडळीत जा, पेटीजवळ बसू नकोस. आणि बुधवारी सूनबाईला घेऊन निघ. आमगावला मी गाडी घेऊन उभा राहतो, तिथून गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊ. येतोस की नाही, ते फोनवर सांग. पत्र लिहू नकोस.

तुझा,
मामा