चिखलाचे टायर

आमचा आखाडा डांबरी सडकेपासून अडीच किलोमीटर आत आहे. मधली पांदण सगळी काळीतली. उन्हाळ्यात तिच्यावर बोटभर रुंदीच्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की तीच पांदण लोण्यासारखी होते. चप्पल घालून निघालेला माणूस दहा पावलांत चार बोटे उंच होतो, आणि पुढे चप्पल हातात घेऊन चालतो. परभणीकडच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

या वाटेसाठीच मी जुनी जीप घेतली, चारी चाकांना ओढ असलेली. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या घराण्यातली ही गाडी. दुधाचे कॅन, खताची पोती, बाजाराची माणसे, सगळे तिच्यातून जायचे. टायर गुळगुळीत झाले तेव्हा मी आणि मुलगा तालुक्याला गेलो. दुकानात रुंद, काळेभोर, चकचकीत टायर लावून ठेवले होते. मुलगा म्हणाला, "बापू, हे बसवले की गाडी कशी भारदस्त दिसंल!" मलाही तसेच वाटले. खिशाला चटका बसला, पण गाडी खरेच भारदस्त दिसू लागली.

आमचे चुलते नाना तेव्हा ओसरीवर बसले होते. ते उठून आले, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दिसायला बरं हाय. पर काळीत चालायचं न्हाई."

"का हो नाना?"

"बैलगाडीचं चाक उंच आन् बारीक का केलं म्हाताऱ्यांनी? लाकूड कमी पडत हुतं व्हय?"

आम्ही बापलेक हसलो. नानांना गाडीतले काय कळते, असे मनात म्हणालोही.

2018 च्या श्रावणातली गोष्ट. चार दिवस झड लागली होती. दिवस मावळता मावळता आमच्या सालगड्याची बायको बांधावर गवत कापत होती. तिला घोणस चावली. पायाच्या घोट्याजवळ दोन दात उमटले होते आणि पाय बघता बघता सुजत होता. कुणी म्हणाले वर करकचून बांधा, कुणी म्हणाले चिरा देऊन रक्त काढा. ते दोन्ही करू नये हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून केले नाही. तिला निजवले, पाय हलू दिला नाही, आणि 108 ला फोन केला. ती गाडी डांबरीवर येऊन उभी राहते. पांदणीत उतरू शकत नाही. तिथवर न्यायचे काम आमचे. जीप होतीच.

अर्ध्या वाटेवर नाल्याच्या उतारावर जीप बसली. मुलगा चालवत होता. त्याने चारी चाकांची ओढ लावली, गिअर खाली घेतला, पण चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि जितकी फिरली तितकी खाली गेली. कंदिलाच्या उजेडात मी टायर पाहिला. त्याची नक्षी दिसतच नव्हती. सगळ्या फटी काळ्या मातीने लिंपून गेल्या होत्या आणि चाक मडक्याच्या पोटासारखे गुळगुळीत झाले होते. तिचा नवरा माझ्याकडे बघत उभा होता. एक अक्षर बोलला नाही.

शेवटी नानांनी आखाड्यावरून बैलगाडी आणली. तिच्यात बाई निजवली आणि बैलांनी तिला सडकेला पोचवले. जीपला जी वाट दहा मिनिटांची, तिला त्या रात्री दीड तास लागला. बाई वाचली. पण महिन्यावर दवाखान्यात पडून होती आणि त्या पायात अजून पूर्वीचा जोर नाही. तो दीड तास वाचला असता तर किती फरक पडला असता, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विचारायचे धाडस झाले नाही, हे खरे.

दुसऱ्या दिवशी जीप काढली आणि मी चाकाजवळ बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा टायरकडे नीट पाहिले. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

टायरच्या नक्षीचे ढोबळ तीन प्रकार. एक सडकेचा. त्याची नक्षी बारीक, फटी अरुंद. दुसरा सडक आणि कच्चा रस्ता दोन्हींचा, मधला. तिसरा चिखलाचा. याच्यावर मोठमोठे ठोकळे असतात आणि दोन ठोकळ्यांमध्ये बोट सहज जाईल एवढी फट असते. नव्या टायरवर हे प्रकार एच टी, ए टी आणि एम टी अशा अक्षरांनी दाखवलेले असतात. चिखलाच्या टायरचे मर्म ठोकळ्यांत जितके, तितकेच फटींत. ठोकळा मातीत रुततो आणि ओढ देतो; पण चाक वर आले की फटीतली माती झटकून पडली पाहिजे. ती पडली नाही तर पुढच्या फेऱ्यात ठोकळा रुतणार कशाने? आमच्या टायरची फट अरुंद होती. तिने माती धरली ती सोडलीच नाही.

हे मी नानांना सांगितले तर ते म्हणाले, "बैलाचा खूर बघ की. दुभंगलेला हाय. चिखलात टाकला की फाकतो, उचलला की मिटतो. म्हून तर तो रुतून बसत न्हाई." मी खाली मान घातली.

आता रुंदीचे. रुंद टायर वाईट असा याचा अर्थ नाही. माती तळ नसलेली खोल असेल, किंवा नदीची वाळू असेल, तर रुंद टायर वजन पसरून वरच्या वर चालतो. पण आमच्या पांदणीत वर वीतभर चिखल आणि खाली जुना मुरूम आहे. तिथे बारीक टायर चिखल कापत खालच्या टणक थराला जाऊन भिडतो. रुंद टायर मधेच तरंगतो आणि घसरतो. म्हणून आधी आपली वाट ओळखावी. पहार घेऊन चार ठिकाणी खोचून बघावी. किती खाली टणक लागते ते कळते. दुकानात जाण्याआधी एवढे काम घरचे आहे.

मग आकडे. आमच्या जुन्या जीपचे माप 6.00-16, म्हणजे टायर 6 इंच रुंद आणि रिम 16 इंच. नव्या गाड्यांवर 215/75 आर 15 असे काही लिहिलेले असते. त्यात 215 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, टायरची उंची त्या रुंदीच्या शेकडा 75, आर म्हणजे रेडियल आणि रिम 15 इंच. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापापासून फार लांब जाऊ नये. मोठा टायर वळताना मडगार्डला घासतो, इंजिनावर भार येतो आणि वेगाचा काटा खरा आकडा दाखवत नाही. चारी टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे असावेत. दोन नवे, दोन झिजलेले असे करून चारी चाकांची ओढ लावली तर आतल्या दातऱ्यांवर ताण येतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. 2319 असा असला तर 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला माल. स्वस्तात मिळाला म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर घेऊ नये. रबर पडून पडूनही कडक होते.

आम्ही जीपच्या मूळ मापाचे, बारीक, मोठ्या ठोकळ्यांचे टायर घेतले. ही लष्करी जीपची जुनी नक्षी. ती दोन्ही दिशांना सारखी असते, त्यामुळे गाडी पाठीमागे घेतानाही पकड तेवढीच. ट्रॅक्टरच्या टायरचे तसे नाही. त्याच्यावर बाण असतो, आणि तो उलटा बसवला तर माती बाहेर पडण्याऐवजी आत भरते.

या टायरांचे तोटेही सांगितले पाहिजेत. सडकेवर ते घुमतात; शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. डांबरावर लवकर झिजतात, डिझेल थोडे जास्त खातात, आणि ओल्या सडकेवर ब्रेक लावला की गाडी थांबायला अंतर जास्त लागते. ज्याची गाडी बारा महिने सडकेवर आणि चार दिवस चिखलात, त्याने मधल्या प्रकाराचे टायर घ्यावेत. उगाच दिसण्यासाठी चिखलाचे घेऊ नयेत. दिसण्यासाठी घेतलेल्या टायरांनी काय केले ते वर लिहिलेच आहे.

टायर चांगला असला तरी चालवणारा हात हवा. चिखलात उतरण्याआधीच चारी चाकांची ओढ लावावी, रुतल्यावर नव्हे. हवा थोडी कमी करावी, पण बेताने. ट्यूबच्या टायरमध्ये फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटतो. डांबरीवर आल्यावर हवा पुन्हा भरावी. चाक जागेवर फिरू लागले की पाय काढावा. स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवले तर टायरच्या कडांना नवी माती धरता येते.

आणि शेवटी, टायर हा रस्ता नव्हे. त्या रात्रीनंतर आम्ही आजूबाजूच्या सात-आठ शेतकऱ्यांनी वर्गणी काढून नाल्याच्या उतारावर दगड-मुरूम टाकला आणि दोन्ही बाजूंनी पाणी काढून दिले. सगळी पांदण अजून झालेली नाही. पण जिथे बाई अडकली, तिथे आता कुणी अडकत नाही.

ती आता जीपमधून बाजारला येते. पुढे बसते, पाय जरा लांब करून. तिचा नवरा त्या रात्रीबद्दल आजवर एक शब्द बोललेला नाही. फक्त दरवर्षी मृग जवळ आला की, कुणी न सांगता, एक लांब खिळा घेऊन जीपशेजारी उकिडवा बसतो आणि चारी टायरांच्या फटींतले खडे एकेक करून काढतो. मी चहा घेऊन त्याच्याजवळ जातो. दुसऱ्या बाजूची दोन चाके आता मी करतो.